अंधाराची व्यवस्था

“अंधार कुठून आणू, पास्टरसाहेब? दुकानात भेटतो का?”

राजानंद शिडीवरून चरफडत विचारत होता. जुन्या जालन्यातल्या या चर्चचं वायरिंग तो तरुणपणापासून सांभाळत आला होता आणि लोकांनी त्याच्याकडे आजवर फक्त उजेड मागितला होता. नवे पास्टर आर्यन मात्र वेगळे निघाले.

“काका, आज एकवीस डिसेंबर. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. अंधारात प्रार्थना करू, मग वेदीवरचा तारा लावू. बटण तुम्ही दाबायचं.”

“ताऱ्याचा बल्ब गेलाय.”

हे खोटं होतं. गेली होती सगुणाबाई, त्याची बायको, उन्हाळ्यात. ती दवाखान्यात नर्स होती. गेल्या नाताळात कागदी तारा फाटला, तेव्हा तिनं त्याला जखमेची चिकटपट्टी लावली होती. ती गेल्यापासून राजानंद वायरिंगच्या कामाशिवाय चर्चची पायरी चढला नव्हता.

“बल्ब मी आणलाय,” पास्टर म्हणाले. सुटका नव्हती.

संध्याकाळी चर्चमधले सगळे दिवे बंद झाले आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. समोरच्या भागचंद सेठच्या कापड दुकानाचा हॅलोजन खिडक्यांतून असा आत येत होता की म्हाताऱ्या दुर्गाबाईंनी चष्म्याशिवाय गीतपुस्तक वाचून दाखवलं. एरवी याच वेळेला न चुकता जाणारी लाईटही आज जाईना.

राजानंद रस्ता ओलांडून गेला. “सेठजी, हॅलोजन बंद करा. चर्चला अंधार पाहिजे.”

“अंधार?” भागचंदनं हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला. “धंद्याच्या टायमाला? बरं, करतो. पण जल्दी आटपा.”

मग खरा अंधार पडला.

“उद्यापासून दिवस वाढतो,” पास्टर म्हणाले. “डोळ्यांना कळत नाही, तरी वाढतो. प्रभूसुद्धा गाजावाजा करत दुपारी आला नाही. अंधारात, गोठ्यात आला. काका, तारा लावा.”

मागच्या बाकावर राजानंदचं बोट बटणावर होतं. दाबवेना.

“काका, तारा.”

“झोपलं का काय हे?” दुर्गाबाई म्हणाल्या.

दार करकरलं. कोणीतरी बाकाला धडकलं आणि चाचपडत राजानंदच्या शेजारी, सगुणाबाईच्या जागेवर बसलं.

“राजानंदभाऊ,” भागचंद कुजबुजला, “अंधारात एका बाईला साडी म्हणून पडद्याचं कापड फाडून देल्लं मी. अजून किती टाईम?”

“बोट दबून न्हाई राह्यलं, सेठजी.”

भागचंद बाकावर जवळ सरकला. “मला इंजेक्शन देताना भाभी म्हणाल्त्या, डोळे मिटा न् भिंतीकडं पाहा. आता मिटल्यावर भिंत कशी दिसंल? मी इचारच करत राह्यलो, तवर सुई टोचून झाल्ती.”

राजानंदला हसू फुटलं. हसता हसता नाक वाहायला लागलं. त्यानं डोळे मिटले, भिंतीकडे तोंड केलं आणि बटण दाबलं.

सगळे गेल्यावर तो शिडीवर चढला. ताऱ्यावरच्या पट्टीची एक कड सुटली होती. खिशात नवी पट्टी होती, ती त्यानं काढली नाही. सुटलेली कड अंगठ्यानं दाबून तो तसाच उभा राहिला, बल्बच्या उबेनं ती पुन्हा चिकटेपर्यंत. खाली भागचंद शिडी धरून होता. समोरचा हॅलोजन लावायचा राहूनच गेला होता.