दर दहाव्या दिवशी थांबणारा संगणक

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला रंगाचा कारखाना. साल १९९४, तारीख २२ नोव्हेंबर, वेळ सकाळी अकराची. कंट्रोल रूमबाहेर साठेक माणसं चपला काढून उभी होती. उल्हासनगर कॅम्प तीनमधले दोन जीन्स शिवणारे कारागीरही आले होते. त्यांनी शिलाई मशीनच्या बॉबिन रुमालात बांधून आणल्या होत्या. बंद दाराआड शंकरनाथ महाराज संगणकासमोर मंत्र म्हणत होते. सोबत फक्त हेमचंद्र, संगणक पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस.

साडेअकराला दार उघडलं. पडद्यावर आकडे धावू लागले, वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. लोकांनी हात जोडले. बॉबिनवर अंगारा पडला.

महिन्याभरात हे चौथ्यांदा घडत होतं.

हा संगणक खंडेनवमीला सुरू झाला होता. रंगाच्या भांड्याचं तापमान बघून वाफ कमी-जास्त करायची आणि दर मिनिटाला एक नोंद डिस्कवर ठेवायची, एवढं त्याचं काम. ठरल्या क्षणी नोंद झाली नाही तर धोका आहे असं धरून तो वाफ बंद करायचा. दर दहा दिवसांनी तो ती बंद करू लागला. पडद्यावर ओळ यायची : डिस्कवर जागा नाही. तपासावं तर डिस्क सत्तर टक्के रिकामी.

महाराजांनी कारण सांगितलं. "देखो साहेब, मशीनचं पोट वरून रिकामं दिसतं, आतून गच्च आहे. वजन नाही, आकार नाही, पण जागा खातंय. समझे? खंडेनवमीला कोणी फूल वाहिलं नाही?"

सगळ्यांनी भीमरावांकडे पाहिलं. भीमराव अकरा वर्षं त्या भांड्यावर ऑपरेटर होते. बौद्ध असल्याने ते पूजेत नव्हते. त्या दिवशी त्यांनी फडक्याने पॅनेलवरची धूळ पुसली होती.

"याचा हात लागता कामा नये," महाराज म्हणाले.

वर्क्स मॅनेजर विष्णुपंतांनी दुपारीच नोटीस लावली : भीमराव यांची ३ डिसेंबरपासून कोळशाच्या यार्डात बदली.

"साहेब, अकरा वर्षं व्हॉल्व्ह मीच फिरवला," भीमराव म्हणाले. "तेव्हा माझ्या हाताची कुणी पूजा केली नाही. आता विटाळ कुठून आला?"

"माझं काही नाही हो. लोक ऐकत नाहीत," विष्णुपंत म्हणाले.

नीलिमा त्या वर्षीच कामाला लागलेली इंजिनिअर. महाराजांचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. पोट रिकामं दिसतं पण भरलेलं आहे, हे मंत्राने कळलं की कोणी सांगितलं?

तिने संगणकाबरोबर आलेलं जाड पुस्तक उघडलं. नेहमीच्या आज्ञेला संगणक रिकामी जागा तेवढी सांगायचा. पुस्तकात आणखी एक विचारणा होती. तिच्या उत्तरात चार आकडे येत : एकूण जागा, रिकामी जागा, एकूण किती फायली ठेवता येतात, आणि अजून किती ठेवता येतील. सोमवारी, २८ तारखेला, साडेअकरा वाजता तिने छोटा प्रोग्राम लिहून ती विचारणा केली. चौथा आकडा आला ५,७६०. मिनिटाभराने ५,७५९.

कँटीनमध्ये तिने भीमरावांना कागद दाखवला.

"मॅडम, मला समजेल असं सांगा."

"आपलं स्टोअर बघा, काका. गोदाम अर्धं रिकामं आहे. पण आवक रजिस्टरच्या ओळी संपल्या तर स्टोअरकीपर माल आत घेईल का?"

"तो? एक स्क्रू घेणार नाही."

"या डिस्कचंही तसंच आहे. रजिस्टरला ओळी ठरलेल्या. मिनिटाला एक फाईल, दिवसाला एक हजार चारशे चाळीस. दहा दिवसांत रजिस्टर भरतं."

"आणि महाराज?"

"मंत्र म्हणतात. तेवढ्यात हेमचंद्र जुन्या फायली पुसतो."

उरलेल्या ५,७६० फायली म्हणजे बरोबर चार दिवस. तिने विष्णुपंतांना बंद पाकीट दिलं, पुढच्या वेळी वाफ बंद झाल्यावरच फोडायला. शुक्रवारी अकराला भीमरावांना गेटबाहेर पाठवलं. ते वॉचमनसोबत चहा घेत बसले. साडेअकराला वाफ बंद झाली. विष्णुपंतांनी पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं : शुक्रवार, साडेअकरा, भीमराव गेटबाहेर असताना.

नीलिमाने दार उघडंच ठेवलं. जुन्या नोंदी फ्लॉपींवर उतरवल्या, डिस्कवरच्या पुसल्या. मग सगळ्यांसमोर एकही अक्षर नसलेल्या हजारो फायली तयार केल्या. पडद्यावर तीच ओळ आली : जागा नाही. रिकाम्या जागेचा आकडा मात्र फारसा हलला नव्हता. तिने त्या फायली पुसल्या आणि भांडं तापायला लागलं.

तेवढ्यात महाराजांची रिक्षा आली, सोबत हेमचंद्र. मशीन चालू पाहून ते म्हणाले, "मैंने घर से ही मंत्र छोड़ा."

"किती वाजता?" नीलिमाने विचारलं. महाराजांनी घड्याळ घातलं नव्हतं.

हेमचंद्रच बोलला. "दिवसाची एक फाईल ठेवायला हवी होती. मी मिनिटाची ठेवली. महाराज माझे मामा आहेत. चूक कबूल केली असती तर माझी नोकरी गेली असती."

"म्हणून माझं काम काढून घेतलंस," भीमराव म्हणाले. ते दारात उभे होते.

विष्णुपंत बोर्डाकडे जाऊन नोटीस फाडू लागले.

"फाडू नका, साहेब. चारचौघांत लावलीत, रद्द केल्याचंही शेजारी लावा. कारण लिहून."

कारण लिहायला विष्णुपंतांनी पाळ्यांचं रजिस्टर काढलं. आधीच्या चार वेळांपैकी भीमराव दोनदा पाळीवर होते, दोनदा घरी. हे रजिस्टर महिनाभर त्यांच्याच टेबलावर होतं. डिस्कचा चौथा आकडा विचारायला जाड पुस्तक वाचावं लागलं. हे पान उघडायला काहीच लागत नव्हतं. यंत्र अडलं तर त्याला आकडे विचारावेत, एक पुरला नाही तर दुसरा विचारावा. आणि माणसावर ठपका ठेवायचा असेल तर त्याआधी, निदान दोनपर्यंत, मोजून पाहावं.