तिसरा पुकारा

सूक्ष्मदर्शक फोडला प्राध्यापकाने आणि ठपका बसला शिपाई डोमाजी मेश्रामवर. निलंबन झालं त्या दिवसापासून बालाघाटच्या त्या सरकारी कॉलेजात त्याच्याशी बोलायची कोणाची छाती होईना. वीस वर्षं ज्यांना पाणी आणून दिलं, तेच तोंड फिरवून जाऊ लागले. आज अपिलाची सुनावणी, तर दुसरा शिपाई वसंता रजा टाकून घरी बसला. न जाणो, साक्ष द्यावी लागली तर!

डोमाजी व्हरांड्यात एकटाच उभा होता. विद्यापीठातून आलेल्या नव्या साहेबांनी फाईलमधून मान वर न करता आतून हुकूम सोडला, "पुकारा करो!"

चौकशी कोणाचीही असो, दारात उभं राहून तीनदा नाव पुकारायचं काम वीस वर्षं डोमाजीचंच. त्याने खणखणीत आवाज दिला, "डोमाजी मेश्राम, हाजिर हो!" एकदा, दोनदा, तीनदा. रिकाम्या व्हरांड्याची दोन्ही टोकं नेहमीसारखी न्याहाळली, आत गेला आणि नेहमीसारखंच म्हणाला, "कोनी नाई आलं, साहेब."

साहेबांनी 'गैरहाजर' असं लिहिलं आणि फाईल मिटली.