उंटापुढचं प्यादं

नर्मदाबाईला बुद्धिबळ नवऱ्यानंच शिकवलं. बन्सीधर पूर्णा जंक्शनला रेल्वेत गार्ड होता. ड्यूटीवरून आला की क्वार्टरच्या ओसरीवर पट मांडायचा, पांढरे मोहरे स्वतःकडं घ्यायचा आणि राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचा. नर्मदाबाईही काळ्या राजापुढचं प्यादं तसंच सरकवायची आणि हरायची.

छप्पन साली दिवाळीला तिचा धाकटा भाऊ मुंजाजी आला. हैदराबादला कॉलेजात शिकताना त्याला या खेळाचा नाद लागला होता. बहिणीचा एक डाव त्यानं पाहिला आणि दाजी ड्यूटीवर गेल्यावर पट पुढं ओढला.

"अक्का, त्यांची नक्कल कशाला करतीस? तू वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं काढ. ह्याला सिसिलियन म्हणतेत."

"कडचं प्यादं काढून काय व्हायचंय?"

"ते मधल्या घरावर नजर ठेवतंय. दाजी वजिरापुढचं प्यादं तिथं आणतील, तू मार. कडचं देऊन मधलं घ्यायचं. हत्तीची वाट बी मोकळी हुती."

"आन् त्यांनी वजिरानं परत मारलं तर?"

"मंग घोडा काढ. वजिराला पळावंच लागतंय. ते पळूस्तोवर तुझा घोडा मैदानात आलेला असतो."

नर्मदाबाईनं ती चाल भाकरी थापताना, पाणी भरताना मनात घोकली.

मुंजाजी गेल्यावरच्या पहिल्याच डावात तिनं उंटापुढचं प्यादं काढलं. बन्सीधरनं भुवया उंचावल्या, मधलं प्यादं पुढं केलं. तिनं मारलं. त्यानं वजिरानं परत मारलं. तिनं घोडा काढला. वजीर पळाला. पळता पळता, पुढच्या काही चालींत, तो तिच्या दुसऱ्या घोड्याच्या तोंडात येऊन बसला.

"अहो, परत बघा जरा," ती हळूच म्हणाली.

"ठेवला तो ठेवला."

तिनं वजीर उचलला. थोड्या वेळानं राजाही कोंडला.

बन्सीधर पटाकडं बघत राहिला. मग उठला आणि शेजारच्या चंद्रभानला हाक मारली. "चंद्रभान, या बरं. आमच्या हिच्यासंगट एक डाव खेळा."

"वहिनीसंगट? तुमी हायेत की."

"मी हरलो. कसा हरलो ते नीट दिसलं न्हाई. आता बाजूला बसून बघतो."

चंद्रभान हसत ओसरीवर टेकला. नर्मदाबाई पदर सावरून मोहरे मांडू लागली, तोवर बन्सीधर चहा ठेवायला आत गेला.