लेकीच्या कंपनीचं विमान

विमानाचं नाव काढू नका माझ्यापुढं. डोकं फिरतं माझं.

आमची आकांक्षा नांदेडच्या विमानतळावर काउंटरला लागली, तवा अख्ख्या पुसेगावात पेढे वाटले आमी. कंपनी छोटी, पर एका बड्या कंपनीनंच काढलेली. नांदेड ते मुंबई रोजचं विमान. कामाला असलेल्याच्या आईबापाला एकदा फुकट न्यायचा नियम बी होता.

झालं! आमचे मालक किशनराव तवापासून हवेतच. तीस सालं झाली, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायाचं म्हणून जनरलच्या डब्यात संडासापाशी बसून जाणारा माणूस. औंदा म्हणे, "केशर, लेकीच्या विमानानं जाऊ."

म्या म्हणलं, "वस्तीतल्या जळबाभाऊसंग रेल्वेनंच जाऊ बापा. दिवाळीपासून विमानाच्या निम्म्या फेऱ्या रद्द होऊन राहिल्या."

"शुभ बोल नाऱ्या!" म्हणले.

चार तारखेला सगळी वस्ती रेल्वेनं निघाली. हे ओट्यावरून ओरडून राहिले, "तुमी व्हा पुढं! लाइनीत जागा धरा आमची!"

पाच तारखेला पांढरे कपडे घालून, भाकरी-ठेचा बांधून नांदेडला गेलो. काउंटरमागं आमचीच पोरगी, डोळे लाल. "बाबा, कंपनी बंद केली. काल गेलेलं विमान मुंबईलाच ठेवून घेतलं."

बड्या कंपनीचा साहेब तिथंच उभा होता. म्हणे, "ती कंपनी वेगळी आहे, मावशी."

वेगळी? विमानावर नाव तुमचं, शेपटीवर चित्र तुमचं, अन् निस्तरायची येळ आली की वेगळी? चांगलं फैलावर घेतलं त्याला. काय उपयोग? दगडावर पाणी.

स्टेशनावर धावलो. डब्यात पाय ठेवायला जागा न्हाई. साठीचा माणूस, तरी हे दांडीला लटकू पाहून राहिले. आकांक्षानंच ओढून उतरवलं.

सहा तारखेला सकाळी गावच्या विहारात मेणबत्ती लावायला गेलो, तं दाराला कुलूप. चावी जळबाभाऊच्या खिशात, अन् जळबाभाऊ दादरला! अस्सा संताप आला मला. पायरीवरच मेणबत्ती लावली, तर वाऱ्यानं ती बी टिकंना.

तेवढ्यात आकांक्षाचा मोबाईल वाजला. जळबाभाऊच, गर्दीत ओरडून राहिले. "किशनदादा, पोचले का? जागा धरून ठिवली तुमची. मागचे लोक ढकलून राहिले, पर आमी हललो न्हाई. कुठं हाय तुमी?"

आकांक्षा तोंडाला रुमाल लावून उभी. ह्यांनी तिच्याकडं पाठ केली.

"तुमी व्हा पुढं, जळबा," म्हणले. "लाइन नका आडवू."