खोटा चढवलेला काटा

मित्रांनो, अस्मारा शहरात एका पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या जुन्या इटालियन गाडीचा मी काटा आहे. वेग दाखवणारा काटा वेगळा. त्याच्याकडे सगळे बघतात. मी त्याच्या शेजारचा, लहान काचेतला. इंजिनातल्या ऑइलचा दाब किती आहे, एवढंच मी सांगतो. माझ्या पाठीला तांब्याची एक बारीक नळी जोडलेली आहे. तिच्यातून इंजिनातलं ऑइल माझ्यापर्यंत येतं आणि मला ढकलतं. जोर असला की मी चारवर उभा राहतो. जोर सरला की खाली येतो. याहून जास्त मला काही कळत नाही, पण जे कळतं ते इंजिनाच्या जिवाचं असतं.

माझा जन्म तोरिनोमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. एका चष्मेवाल्या बाईने माझ्यावरचे आकडे बारीक कुंचल्याने रंगवले होते. मग जहाजातून मसावा बंदर, आणि तिथून डोंगर चढून अस्मारा. गाडी वोल्दायच्या वडिलांनी घेतली. त्यांच्यामागे ती वोल्दायकडे आली. वोल्दाय शाळेत भूगोल शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी बायकोला, लेटेब्रहानला, घेऊन समुद्रावर जायचा. येताना चढ लागला की तो दर वळणाला माझ्याकडे बघायचा. मी चारवर असलो की शीळ घालायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण लोखंडही झिजतं. पुढेपुढे इंजिन तापलं की मी दोनवर येऊ लागलो. गाडी उभी करून इंजिन नुसतं चालू ठेवलं तर एकच्याही खाली. वोल्दायने गाडी बेराकीकडे नेली. बेराकी त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आणि गावातला नावाजलेला मेकॅनिक. त्याने बोनेट उघडलं, माझी नळी सोडवून स्वतःचा मीटर लावून पाहिला. तो मीटरही तेच म्हणाला. मग त्याने फडक्याने हात पुसत सांगितलं की काटा शहाणा आहे, बेअरिंग झिजल्या आहेत. त्यांच्या फटी मोठ्या झाल्यात, म्हणून ऑइल तिथूनच गळून जातंय आणि दाब धरत नाही. इंजिन उतरवावं लागेल. बेअरिंग बाहेरदेशातून मागवाव्या लागतील. चार महिने तरी लागतील.

"न्हाव्याकडे गेलं की केस वाढलेलेच असतात," वोल्दाय म्हणाला.

"इंजिन उतरवायचं म्हटलं की तुझं तोंड सासू मुक्कामाला आल्यासारखं होतं बघ," बेराकी म्हणाला.

दोघं हसले. पण वोल्दाय हट्टाला पेटला होता. उन्हाळा तोंडावर आलेला, चार महिने गाडीशिवाय कसं काढायचं? दुसरं काहीतरी कर, पण काटा वर आण, असं तो रोज येऊन म्हणू लागला. बेराकीने आठवडाभर नाही म्हटलं. आठव्या दिवशी त्याने मान हलवली. त्याने इंजिनात जास्त घट्ट ऑइल ओतलं. दाब वाढला की जादा ऑइल परत सोडणारी एक झडप असते, तिच्या स्प्रिंगखाली त्याने एक वॉशर सारला. "वोल्दाय, हा इलाज नाही," एवढं मात्र तो म्हणाला. वोल्दायने गाडी सुरू केली. मी थेट पाचला जाऊन टेकलो. वोल्दायने बेराकीला मिठी मारली.

मित्रांनो, मला त्या मिठीची लाज वाटली. दाब वाढला म्हणजे ऑइल पोहोचलं असं नसतं. अस्माराच्या गार सकाळी ते घट्ट ऑइल बेअरिंगपर्यंत जायला वेळ लावायचं. तोवर लोखंडावर लोखंड घासायचं. आणि मी मात्र पाचवर, छाती काढून उभा. सांगणार तरी कसं? मला आकड्यांशिवाय भाषा नाही.

समुद्राकाठच्या ऐन उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, मसावाहून निरोप आला. बेराकीची म्हातारी आई, ब्रिक्ती, तिथे धाकट्या मुलीकडे राहायची. तिला धाप लागत होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की उकाड्यात ठेवू नका, अस्माराच्या मोठ्या दवाखान्यात न्या. बेराकीकडे चालती गाडी नव्हती. वोल्दाय म्हणाला, तू दवाखान्यात खाटेची सोय कर, आईला मी घेऊन येतो. बेराकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तो दवाखान्याकडे निघाला.

वोल्दाय आणि लेटेब्रहान त्याच संध्याकाळी मसावाला उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिक्तीआईला मागच्या सीटवर निजवलं. तिचं डोकं लेटेब्रहानच्या मांडीवर होतं. मसावाची हवा भट्टीसारखी होती. चढ सुरू झाला तसं ऑइल तापून पातळ झालं आणि मी घसरू लागलो. तीन. दोन. वाटेतलं गिंदा गाव मागे पडलं तेव्हा मी एकवर होतो. वोल्दायने पाहिलं. तो पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

"थांबायचं का थोडं? काहीतरी खडखडतंय," लेटेब्रहानने विचारलं.

"थांबलो तर आईचं काय?" तो म्हणाला.

मागून म्हातारी म्हणाली, "पोरा, माझ्यासाठी गाडी मारू नकोस. ती तुझ्या बापाची आहे."

त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. तिसऱ्या वळणावर खडखडाट वाढला, एक कर्कश आवाज झाला आणि इंजिन जागीच जाम झालं. मी शून्यावर पडलो.

सावलीला झाड नव्हतं. त्यांनी पांढरी शाल गाडीच्या दारांना बांधली आणि म्हातारीला तिच्याखाली निजवलं. निवडुंगाची फळं विकणाऱ्या एका बाईने आपल्याजवळचं सगळं पाणी दिलं. दोन ट्रक गेले, पण तोंडं खाली मसावाकडे होती. वर जाणारा ट्रक दुपारी आला. तोवर लेटेब्रहान म्हातारीचे डोळे मिटवून बसली होती. निरोप मिळून बेराकी संध्याकाळी पोहोचला. त्याने आईला एकट्याने उचललं. वोल्दाय पुढे झाला तेव्हा बेराकीने त्याला हाताने मागे सारलं.

आईच्या दुखवट्याचे चाळीस दिवस सरल्यावर बेराकी वोल्दायच्या दारात उभा राहिला. गाडी माझ्याकडे पाठव, म्हणाला. वोल्दाय तिला भंगारात घालणार होता.

"बेराकी, हट्ट माझा होता," तो म्हणाला.

"हट्ट तुझा होता," बेराकी म्हणाला. "पाना माझ्या हातात होता."

मग त्याने ते काम केलं जे आधीच करायचं होतं. बेअरिंग यायला पाच महिने लागले. तोवर त्याने बेअरिंग ज्यावर बसतात तो क्रँकचा दांडा लेथवर घासून घेतला, त्याच्यातल्या ऑइलच्या वाटा तारेने साफ केल्या, ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे दाते बदलले, पंपाचं झाकण काचेवर घासून सपाट केलं. झडपेखालचा वॉशर काढला. पहिल्यासारखंच पातळ ऑइल भरलं. काम करताना तो गुणगुणायचा, तसा या वेळी गुणगुणला नाही.

गाडी चढावर नेली. इंजिन चांगलं तापलं तरी मी चारवर स्थिर होतो. उभी केल्यावर दीडवर. एवढं चांगलं मी कितीतरी वर्षांत दाखवलं नव्हतं. बेराकीने बराच वेळ पाहिलं. "आता खरं आहे," म्हणाला. मग दार उघडून उतरला आणि पायी घरी गेला. त्या गाडीत तो पुन्हा कधी बसला नाही. वोल्दायकडे कॉफीलाही आला नाही. वोल्दायने दोन-चारदा गाडी काढली, पण चढ लागला की तो गाडी मागे वळवायचा. शेवटी त्याने ती शेडमध्ये लावली.

मित्रांनो, आज माझं इंजिन ठणठणीत आहे आणि कुणाला कुठे जायचं नाही. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात, तुमच्या अंगात, तुमच्या माणसांत काही खाली घसरताना दिसलं, तर दिसणारा आकडा वर ढकलू नका. खाली काय झिजलंय ते उघडून बघा. चार महिने जातील, पायी चालावं लागेल. चाला. गिंदाच्या वरच्या त्या वळणावर ब्रिक्तीआईच्या आठवणीची दगडांची एक लहानशी रास आहे. मसावाहून येणारे तिथे वेग कमी करतात, आणि कशासाठी ते त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं.