वजन झाल्यावर

चीजचं ताट टेबलाभोवती एक फेरी करून ओडीलसमोर परत आलं होतं. डोरीनने हात लांब केला आणि ते पुन्हा आपल्याकडे ओढलं.

डोरीनचा जावई तिबो आपल्या ग्लासात बघत बसला. चीज एकदाच फिरतं, घ्यायचं ते तेव्हाच घ्यायचं. दुसऱ्यांदा हात घालणं म्हणजे आधीचं जेवण कमी पडलं असं यजमानीणबाईंना तोंडावर सांगणं. बोन या फ्रेंच गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. डोरीन ओहायोहून आली होती. मागच्या रविवारी ती अजाणता चुकली होती, पण या रविवारी ती जाणूनबुजून चुकत होती.

"घ्या ना, घ्या," ओडील म्हणाली. "तुमच्याकडे काही मोजूनमापून नसतं."

ओडीलने तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे तिचे टोमणे थेट पोचत, मधे दुभाषा लागत नसे. विहीणबाई पासष्टीच्या, पण कंबर अजून तरण्या पोरीसारखी. साठीच्या डोरीनसाठी मात्र हात नसलेली रुंद खुर्ची आतल्या खोलीतून आणून ठेवलेली होती. कशासाठी, ते कोणी बोललं नव्हतं, एवढंच.

"तुमच्याकडे लोक गाडी चालवता चालवता जेवतात म्हणे. खरंय का हो?"

"खरंय. मीच जेवायचे. दोन नोकऱ्या होत्या, टेबलाशी बसायला सवड कुणाला होती?"

"मग त्याला जेवण कशाला म्हणायचं?"

"नका म्हणू. पोट भरायचं."

"ते दिसतंच आहे."

"आई!" तिबो दबक्या आवाजात म्हणाला.

डोरीनला राग आला नाही. याहून वाईट ती नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. आपल्या घरच्या ताटाचा तिला अभिमानही नव्हता. नवरा वेंडेल छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याची शवपेटी मोठ्या मापाची मागवावी लागली होती. इथली माणसं लोणी खात, साय खात, दुपारी वाइनही पीत. पण बसून खात, आणि उठली की उठली, मग संध्याकाळपर्यंत कुणी काही तोंडात टाकत नसे. पावासाठीसुद्धा चालत जात. दोन आठवड्यांत डोरीनचे गुडघे कुरकुरायचे कमी झाले होते, आणि कुणी सरळ विचारलं असतं तर तिने ते सरळ कबूलही केलं असतं.

तिचं लक्ष होतं मार्नीच्या ताटात. लेकीला सातवा महिना होता. ताटात कोंबडीचे दोन तुकडे, त्यातला एक कोशिंबिरीच्या पानाखाली ढकललेला. सायीतले बटाटे तिने वाढूनच घेतले नव्हते. "उद्या वजन आहे," ती सकाळी म्हणाली होती, उद्या परीक्षा आहे असं म्हणावं तसं. इथला हिशेब महिन्याला एक किलोचा. मागच्या महिन्यात मार्नी अडीच किलोंनी वाढली, आणि सुईणीने त्या आकड्याखाली तांबडी रेघ ओढली होती.

"ओडील," डोरीन म्हणाली, "हे चीज आणि राहिलेला पाव मला बांधून द्या."

मार्नीचे कान लाल झाले. "आई, प्लीज. इथे असं मागत नाहीत गं."

"ठाऊक आहे मला."

ओडील उठली. तिने पाव आणि चीज एका पांढऱ्या रुमालात ठेवलं आणि त्याची गाठ करकचून आवळली. "आमच्या घरून बांधून नेणाऱ्या तुम्ही पहिल्याच," ती म्हणाली.

"कुणीतरी सुरुवात करायला हवी," डोरीन म्हणाली, आणि पुरचुंडी तिने पिशवीत टाकली.

सोमवारी सकाळी मायलेकी सुईणीकडे चालत निघाल्या. वाट जेमतेम दहा मिनिटांची. औषधाच्या दुकानापाशी मार्नीने भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटले.

"काय झालं?"

"काही नाही. जरा अंधारी आली."

"सकाळी काय खाल्लंस?"

"वजन झाल्यावर खाईन."

हे वाक्य डोरीनचं होतं. मार्नी अकरा वर्षांची असताना डोरीन तिला दर गुरुवारी चर्चच्या तळघरात वजन कमी करणाऱ्या बायकांच्या मंडळात घेऊन जायची. त्या दिवशी सकाळपासून दोघी उपाशी. "वजन झाल्यावर खायचं हं, राणी." तळघरात बायका रांगेत उभ्या राहून बूट काढत, पट्टे काढत, घड्याळं काढत. अर्धा पौंड उतरला की टाळ्या पडत. नंतर मायलेकी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन पॅनकेकची चळत संपवत आणि पुढच्या गुरुवारची भीती बरोबर घेऊन घरी येत. मार्नीचं वजनाचं कार्ड सगळ्यांसमोर वाचलं जाई. डोरीन स्वतःचं कार्ड मात्र तळहाताखाली झाकून ठेवी. तिचा आकडा वेंडेललाही कधी कळला नाही. तिकडे गाडीच्या लायसन्सवर वजन लिहावं लागतं. तिथे तिने एकशे साठ पौंड लिहिलं होतं, आणि वीस वर्षं दर वेळी तेच लिहीत आली होती.

मार्नीच्या या उपासासाठी इतके दिवस ती विहीणबाईंना आणि त्यांच्या गावाला मनातल्या मनात शिव्या घालत होती. आता त्या शिव्या कुणाला घालायच्या, हे तिला कळेना.

सुईण मादाम पेरूसो उंच, पिकल्या केसांची बाई होती. "बाळाची आजी!" ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली. "या, बसा."

मार्नीने कोट काढला, स्वेटर काढला, बूट काढले. मग तिचे हात कानांकडे गेले. एक कुडी काढली, दुसरी काढली, दोन्ही टेबलावरच्या वाटीत ठेवल्या. दोन्ही मिळून शेंगदाण्याएवढ्याही भरल्या नसत्या. नंतर ती लग्नाची अंगठी ओढायला लागली. बोट सुजलं होतं, अंगठी निघेना. तिने बोट तोंडात घालून ओलं केलं आणि पुन्हा ओढायला लागली.

"थांब," डोरीन म्हणाली.

ती उठली. अंगावर कोट, पायात बूट, खांद्याला पिशवी. तशीच काट्यापाशी गेली.

"आई, काय करतेस?"

"बाजूला हो."

ती काट्यावर चढली. काटा करकरला. आकडे पळाले आणि थांबले.

"वाच."

"आई, उतर ना."

"मोठ्यानं वाच, मार्नी."

मार्नीने आकड्याकडे पाहिलं, मग आईकडे. "एकशे चोवीस."

"किलो मला कळत नाहीत. पौंडात सांग."

मार्नीचे ओठ पुटपुटले. "दोनशे त्र्याहत्तर."

"त्यात माझे बूट आहेत, कोट आहे, आणि तुझ्या सासूचं चीज आहे. बाकी सगळी मी. हेच मी दर गुरुवारी हाताखाली झाकायचे, आणि तुझं कार्ड सगळ्यांसमोर वाचू द्यायचे."

"मादाम," सुईण म्हणाली, "तुमची नोंद मी ठेवत नाही."

"नका ठेवू. हिला दिसलं, बास झालं." डोरीन खाली उतरली. तिची मान ताठ होती. "मी तुला चुकीचं शिकवलं, पोरी. त्या कुड्या घाल."

मार्नीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले. तिने वाटीतल्या कुड्या उचलून कानात घातल्या. एकेक करत बूट घातले, स्वेटर चढवला. आणि आईपुढे हात केला.

"ते दे."

डोरीनने पुरचुंडी दिली. ओडीलची गाठ सुटेना, तेव्हा मार्नीने ती दातांनी सोडवली. मग पावाचा हा मोठा लचका तोडून ती काट्यावर उभी राहिली.

मादाम पेरूसोने आकडा पाहिला. मग पावाचे भराभर लचके तोडणाऱ्या मार्नीकडे पाहिलं. "कधीपासून उपाशी आहात?"

"काल दुपारपासून," मार्नी भरल्या तोंडाने म्हणाली. "त्याआधीही काही फार खाल्लं नव्हतं."

"वाढ जरा हळू असू द्या, एवढंच मी म्हटलं होतं. उपाशी राहा असं नव्हतं म्हटलं."

"आकडा बघून तुम्ही चुकचुकता ना, तेव्हा मला तेच ऐकू येतं. त्या तळघरातल्या बायकाही असंच चुकचुकायच्या. आता बास. तुम्ही बाळ तपासा. माझ्याबद्दल चुकचुकायचं नाही."

सुईणीने तांबडं पेन खाली ठेवलं. फायलींचा गठ्ठा उचलून खिडकीत नेऊन ठेवला, टेबल मोकळं केलं, आणि भिंतीलगतच्या दोन खुर्च्या ओढून टेबलाशी लावल्या.

"उतरा," ती म्हणाली. "इथे उभ्यानं खात नाहीत."

मार्नी बसली. डोरीनही बसली. सुईणीने खणातून सुरी काढली, पुसली, आणि रुमाल तिघींच्या मधे पसरला.

"मऊ चीज असेल तर नको हं, बाळाला चालत नाही." तिने तुकडा बोटाने दाबून पाहिला. "टणक आहे. चालेल. चांगलं आहे. कुणाकडचं?"

"माझ्या विहीणबाईंकडचं," डोरीन म्हणाली. "दुसऱ्या फेरीचं."

मादाम पेरूसोच्या भुवया वर गेल्या. ती याच गावातली होती. तिने डोरीनकडे पाहिलं, मग चीजचे तुकडे करायला लागली. मार्नीने एक खाल्ला आणि हात लांब करून दुसरा घेतला.