पडद्यावर न आलेली ओळ

कटकन!

माझ्यातला पहिला शब्द हाच. एकोणीस वर्षांपूर्वी एका बाभळीखाली हा आवाज झाला. तो महादेवरावांच्या कानात राहून गेला. या दिवाळीनंतर त्यांनी तो आपल्या नातीला, मयुरीला सांगितला, तिने टाईप केला आणि माझा जन्म झाला.

मी एक फाईल बोलतेय. साधी, निव्वळ अक्षरांची. मला रंग नाही, चित्र नाही. मला कान नाहीत, डोळेही नाहीत. महादेवराव बोलले ते मयुरीने माझ्यात लिहिलं, आणि पुढे जे घडलं तेही तिनेच माझ्या तळाशी लिहून ठेवलं. म्हणून मला माहीत आहे.

मयुरी पिपरी मेघेला खोली करून राहते आणि वर्ध्याला कॉम्प्युटर शिकते. तिचं गाव अल्लीपूरहून थोडं आत. शेजारच्या गावात कुंपणाच्या करंटने एक बैल मेला, म्हणून गावच्या सरपंच कमलाबाईंनी रविवारी सभा ठेवली. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडू नका, हे कुण्या जाणत्या माणसाने सांगावं, असं त्यांच्या मनात होतं. महादेवराव आपणहून म्हणाले, "मी सांगतो." सगळ्यांना नवल वाटलं. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप.

"आबाजी, नुसतं बोला ना उभं राहून," मयुरी म्हणाली. "लिहायचं काय काम?"

"बोलता येत नाई पोरी. तीनदा उठलो मी आजवर, चार लोकांत सांगाले. गळाच आवळते. पडद्यावर आलं म्हंजे मले बोला नाई लागत."

मग तिने त्यांना माझी रीत समजावली. ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखी खूण असली की ते पानाचं नाव. आडवी रेघ असली की मुद्दा. रेघ थोडी आत सरकवली की मुद्द्याच्या पोटातला मुद्दा. एकट्या ओळीवर तीन रेघा ओढल्या की ते पान संपलं. एक छोटासा प्रोग्राम मला वाचतो आणि ब्राउझरमध्ये माझी मोठाली पानं करतो. बटण दाबत गेलं की मुद्दे एकामागून एक पुढे येतात. आणि ज्या ओळीपुढे 'टीप:' लिहिलं, ती ओळ पडद्यावर येत नाही. ती बोलणाऱ्यापुरती राहते.

"हे तं वावरावाणीच हाय," महादेवराव म्हणाले. "मोठी सरी, बारकी सरी. अन् तीन रेघा म्हंजे धुरा, वावराचा बांध."

ते चौथी शिकलेले. एकेक वाक्य सांगायचे, ते माझ्यात उमटलं की बोट ठेवून वाचायचे, मग पुढचं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या वर्षी डुकरांनी त्यांचं अर्धं शेत उकरून टाकलं होतं. त्यांनी वरून जाणाऱ्या तारांवर आकडा टाकला आणि वीज कुंपणात आणली. रोज संध्याकाळी तार जोडायची, उजाडायच्या आत काढायची. कुणाला सांगितलं नव्हतं. एके दिवशी तार जोडून ते सेलूला लेकीकडे गेले. पहाटेच्या बसने येऊन काढू, असं मनात होतं. पहिली बस चुकली.

शेतात पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. दोन शेतांमधल्या कुंपणापाशी धीरज पडला होता. सव्वीस वर्षांचा, गावातल्याच रुपेशचा थोरला भाऊ. मूठ तारेवर आवळलेली, बोटं कोळशासारखी, दात जिभेत रुतलेले. जळक्या मांसाचा वास येत होता. महादेवरावांनी आकडा काढला, ती मूठ ओढून सोडवली, आणि तार गुंडाळून पलीकडे शेजारी कैलासच्या शेतात, गुरांसाठी रचलेल्या कुटारात खुपसली. "मी इचार नाई केला," ते म्हणाले. "हातानंच केलं."

दुपारपर्यंत रुपेशला ती तार सापडली. त्याने चौघांना घेऊन कैलासला घरातून केस धरून ओढत आणलं आणि बाभळीला बांधलं. नाकातोंडातून रक्त येईपर्यंत मारलं. कैलास ओरडत होता, तार माझी नाही, माझी नाही. गर्दीत त्याला महादेवराव दिसले. "महादेवभाऊ, तुम्ही तरी सांगा! तुमचं वावर लागून हाय!"

महादेवराव गप्प राहिले. रुपेशने कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि गुडघ्यावर घातला. कटकन!

पोलीस आले, कागद झाले, काही सिद्ध झालं नाही. पण कैलासचा पाय वाकडा झाला. त्याची बायको माहेरी गेली ती आलीच नाही. मुलांचे खेळ चालले असले आणि तो वाटेने निघाला, की आया मुलांना आत ओढायच्या.

"आता शेवटचं लिही," महादेवराव म्हणाले. "तार माझी होती. मीच कैलासच्या कुटारात टाकली. खाली नाव टाक."

मयुरीचा हात थांबला. हात थांबला की माझ्यात एक बारीक उभी रेघ एकाच जागी लुकलुकत राहते. ती पुष्कळ वेळ लुकलुकली.

"आबाजी, रुपेशकाका जित्ता नाई ठेवायचा तुम्हाले."

"लिही."

तिने लिहिलं. ते हात धुवायला आत गेले, तेव्हा तिने वरपासून आवाजावर, धीरजवर, बाभळीवर आणि त्या शेवटच्या ओळीवर 'टीप:' लावली. पडद्यासाठी उरले ते त्यांनी सांगितलेले कुंपणाबद्दलचे सहा मुद्दे आणि धन्यवाद. मी तिला दोष देत नाही. तिला आजोबा हवे होते.

रविवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पांढरी चादर टांगली, समोर टेबलावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ठेवला. भिंतीशी रुपेश आपल्या माणसांसह बसला. दाराजवळ, चपलांच्या जागी, कैलास. पहिलं पान आलं. कुंपणात वीज सोडणे गुन्हा आहे.

"काय बे कैलास, वाचून राह्यला ना?" रुपेश मोठ्याने म्हणाला. "हे खास तुह्यासाठी हाय. समजलं नाई तं दुसरा पाय हायच!"

हॉल हसला. कैलास खाली बघत होता.

"रुपेश, चुप बस," कमलाबाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरलं नव्हतं.

पानं सरत गेली. महादेवराव काठी टेकून चादरीकडे बघत होते. धन्यवाद आलं. टाळ्या सुरू झाल्या. ते जवळ गेले, चादरीवर बोट ठेवून ते एकेक अक्षर करून वाचलं, आणि वळले.

"मयुरी, माही ओळ कुठं हाय?"

"आबाजी, झालं. बसा आता."

"माही ओळ."

"आबाजी, पाया पडते तुमच्या."

त्यांचे ओठ हलले. गळ्यातून आवाज निघेना. मान ताठली, डोळ्यांत पाणी आलं, ओठ हलतच राहिले. मयुरीने ते बघितलं. तिने पानं बंद केली आणि मला, मी आहे तशी, उघडी त्या चादरीवर आणली. जाळीच्या खुणा, रेघा, सगळं. गावाने मला असं कधी बघितलं नव्हतं. ती तळाशी गेली आणि शेवटच्या ओळीपुढची 'टीप:' एकेक अक्षर करून खोडू लागली. खोडायची गरजच नव्हती, सगळे वाचतच होते.

तार माझी होती. मीच कैलासच्या कुटारात टाकली. महादेव.

मग रुपेश उठला. मधल्या खुर्च्या लाथेने उडवत आला आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर बुक्की मारली. दुसरी बसली तेव्हा दात तुटून चादरीवर लाल ठिपके उडाले. महादेवराव पडले. रुपेश त्यांच्या छातीत लाथा घालू लागला. बरगडी मोडल्याचं मयुरीने ऐकलं. ती आडवी पडली तर तिलाही लागली. टेबल उलटलं आणि लॅपटॉप, प्रोजेक्टर दोन्ही फरशीवर आपटले.

"बोलला काऊन नाई त्या दिवशी?" रुपेश ओरडत होता. "म्होरं उभा होता ना तू! माह्या हातानं याचा पाय काऊन तोडू देल्ला? सांग! काऊन?"

मारता मारता तो रडायला लागला. तिघांनी धरून त्याला मागे ओढलं, तरी त्याचे पाय हवेत लाथा घालतच होते.

आज मी त्याच लॅपटॉपमध्ये आहे. काच आडवी तडकली आहे, माझ्या ओळी अर्ध्या दिसतात. महादेवराव सेवाग्रामच्या दवाखान्यातून परत आलेत, कुशीवर वळता येत नाही. ठाण्यातला माणूस येऊन जबाब लिहून घेऊन गेला, या वेळी त्यांनी बोट ठेवून तो पूर्ण वाचला. मयुरीने माझ्या नकला करून ठेवल्या आहेत. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी फाईल असेल, एखादी वही असेल. तिच्यात अशी एक झाकलेली ओळ असेल तर माणूस जिवंत आहे तोवर ती उघडा, एवढंच माझं मागणं.

एक सांगायचं राहिलं. रुपेशला ओढून नेल्यावर कैलास दारापासून उठला. सगळ्यांनी वाट दिली. तो पाय ओढत चादरीपर्यंत आला. प्रोजेक्टर आडवा पडला होता, पण माझा उजेड अजून चादरीच्या खालच्या कोपऱ्यावर तिरपा पडत होता. तो वाकला आणि त्याने स्वतःचं नाव वाचलं. फरशीवर पडलेल्या महादेवरावांनी रक्ताच्या हाताने काठी त्याच्यापुढे सरकवली.

"मार," ते म्हणाले. गळा सुटला होता. "मार कैलास. तुहा हक हाय."

कैलासने काठी उचलली. दोन्ही हातांत धरली, तोलली. कमलाबाईंनी डोळे मिटले. मग त्याने ती महादेवरावांच्या उशाशी भिंतीला नीट टेकवून ठेवली, चपलांतून आपली जोडी शोधली, आणि एक पाऊल टाकत, एक ओढत निघून गेला.